बर्फात ठेवलेले रक्त

पदवीनंतर बावीस वर्षे घर सांभाळून मी शेहेचाळिसाव्या वर्षी नोकरीला लागले. त्वचेच्या कर्करोगावर इम्युनोथेरपी घेणाऱ्या रुग्णांचे रक्त प्रत्येक मात्रेआधी काढायचे आणि त्याच दिवशी बांदा गावापलीकडच्या प्रयोगशाळेत न्यायचे, हे माझे काम. औषधाने शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती कितपत जागी झाली, हे त्या रक्तातल्या जिवंत पांढऱ्या पेशींवरून कळते. बोलणे कमी, म्हणूनच मी ते स्वीकारले होते.

विजयदुर्गचे एक निवृत्त खलाशी आमच्या रुग्णालयात येत. टाचेवरचा काळा डाग त्यांनी कुरूप समजून वर्षभर अंगावर काढला होता. त्या दिवशी त्यांची तिसरी मात्रा होती. रक्ताच्या नळ्या खाटेजवळ ठेवून मी कागद भरायला गेले. परतले तेव्हा त्यांच्या पत्नीने त्या नळ्या, माझ्यासाठी आणलेल्या बांगडे माशांच्या पिशवीत, बर्फात नीट खुपसून ठेवल्या होत्या.

"उन्हान रगात खराब होतला म्हणान घातलंय गो बाये," त्या म्हणाल्या.

चूक माझी होती. या पेशी गारठ्याने बिघडतात, हे मी संकोचापायी त्यांना कधी सांगितलेच नव्हते. आणि किनाऱ्यावर जन्म काढलेली बाई नासणारी वस्तू बर्फातच ठेवणार. इतक्यात डॉक्टर औषधाचे सलाईन लावायला आले. औषध एकदा सुरू झाले की त्याआधीचे रक्त पुन्हा मिळत नाही. खलाशांच्या नोंदींच्या तक्त्यातला तिसऱ्या मात्रेचा रकाना कायमचा रिकामा राहिला असता.

"डॉक्टर, थांबावे लागेल. रक्त पुन्हा काढायला हवे."

"एवढं अडणार आहे का, मॅडम? बाहेर चार पेशंट बसलेत."

"अडेल," मी म्हणाले, आणि कारण न अडखळता शेवटपर्यंत सांगितले. ते बाजूला झाले.

खलाशांनी दुसरा हात पुढे केला. "आमच्या घरकारणीक मी, तिचो घोव, आणि बांगडो सारकेच. दोघांकय बर्फात घालता."

"गप ऱ्हवा," पत्नी म्हणाल्या. "बांगडो तरी ऐकता."

संध्याकाळी प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या पडद्यावर पुन्हा काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत दिसल्या. पहिल्या मात्रेआधीच्या रक्ताशी ताडून पाहता, कामाला लागलेल्या पेशींचा थवा चांगलाच दाट झाला होता. एवढ्यावरून आजार हटेल असे म्हणता येत नाही, आणि मी तसे कोणाला म्हटलेही नाही. मात्र त्या रकान्यात आकडे भरताना, शाळेत कधीही हात वर न केलेली मी, खुर्चीत ताठ बसले होते.