मुसेम्बीने उचललेला जबडा

मुसेम्बी आमच्या जीवाश्म शोधणाऱ्या तुकडीतला सर्वांत जुना माणूस. तुर्काना सरोवराच्या पूर्वेकडच्या उघड्या टेकड्यांवर वीस वर्षं तो खाली मान घालून चालला. आम्हाला नुसते दगडगोटे दिसत तिथे त्याला हाड दिसे. त्यानेच मला शिकवलं होतं की सापडलेलं हाड उचलायचं नाही, शेजारी दगड रचून खूण करायची आणि तुकडीच्या प्रमुख संशोधक डॉक्टरांना बोलवायचं. हाड कुठल्या थरातलं हे कळलं नाही तर त्याचं वय कळत नाही.

एके दुपारी तोच रुमालात जबड्याचा तुकडा गुंडाळून तंबूत आला. आदिमानवाचा, तीन दात शाबूत. म्हणाला, दगड रचले होते, पण शेळ्यांचा कळप उतारावरून धावत आला, तुडवला गेला असता म्हणून उचलला.

मला ते पटलं नाही; तुकडा त्याने दुसरीकडून आणला असावा असं वाटलं. दोन हंगाम आमच्या हाती काही लागलं नव्हतं, काम बंद पडणार अशी कुजबुज होती. जेवताना मी डॉक्टर अचिएंगबाईंच्या कानावर घातलं, "मुसेम्बीदादा काल एकटाच पलीकडच्या टेकडीवर गेला होता."

सकाळी बाईंनी त्याला सांगितलं, नेमकी जागा दाखवा. नाहीतर तुकडा नोंदवता येणार नाही, आणि पुढच्या हंगामाला तुम्हाला बोलावताही येणार नाही.

रचलेले दगड शेळ्यांनी उधळले होते. सारा उतार एकसारखा. दोन दिवस मुसेम्बी गुडघ्यांवर रांगला. मदतीला म्हणून मी त्याच्या मागे होतो, पण माझं लक्ष त्याच्या हातांवर होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्याच बोटांना चुनखडीच्या कडक थरात एक खोबण लागली. क्षणभर वाटलं, हीसुद्धा यानेच कोरली असेल. पण तळाशी एका दाताचं मूळ तुटून अडकलं होतं. बाईंनी जबडा आणून टेकवला. मोडलेल्या कडा तंतोतंत जुळल्या.

मुसेम्बी कपडे झटकत उठला.

"जागा सापडावी म्हणून शोधत होतास, की सापडू नये म्हणून?"

"सापडावी म्हणूनच, दादा."

"मग दोन दिवस माझे हात काय बघत होतास, लेका?"



त्यानंतर तो अकरा हंगाम तुकडीत होता. हाड दिसलं की जागच्या जागी दोन्ही हात वर करून उभा राही आणि सगळ्यांना सोडून मलाच हाक मारी, "ये बाबा, साक्षीला ये."

मी मुकाट्याने जात असे.