सारवलेल्या बांधातली दारं

"लोक दिवाळीत घरातले कोळी बाहेर काढतात, आणि तू बाहेरचे घरात आणायला निघालीस?" असं म्हणत आईने माझ्या पिशवीत चकल्यांचा डबा कोंबला. गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. मी जळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि भाऊबीज उरकून सातपुड्याच्या पायथ्याला निघाले होते.

जाण्यामागे माझाच एक पराक्रम होता. धुळ्याच्या माझ्या सरांना आदल्या वर्षी शिरपूरच्या पलीकडच्या एका खेड्यात, मातीच्या बांधात, बिळाला बिजागरीचं दार लावून राहणारा कोळी मिळाला होता. पूर्ण वाढलेली मादी. पिल्लांवरून जात ठरत नाही, म्हणून ती मोलाची. सरांना ही जात नवीनच वाटत होती. जळगावच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक बरा म्हणून त्यांनी ती अल्कोहोलच्या बाटलीत घालून माझ्याकडे ठेवली, आणि मी बूच मेणाने बंद करायला विसरले. जळगावचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. जूनमध्ये कपाट उघडलं तर बाटली कोरडी आणि कोळी चिमटा लावताच पापडासारखा मोडला. सर फक्त म्हणाले, "उन्हाळ्याला काय बोलायचं!" मला बोलले असते तर बरं झालं असतं. ते मार्चमध्ये निवृत्त होणार होते. त्याआधी दुसरी मादी मिळाली नाही, तर त्यांचा अर्धा लिहिलेला निबंध तसाच राहणार होता. पावसाळ्यात आम्ही त्याच बांधावर दोन फेऱ्या मारल्या, पण शेवाळ आणि मातीने झाकलेलं एकही दार दिसलं नव्हतं.

एस. टी. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचली. पारोळ्याला चहा घ्या, पण ड्रायव्हरवर नजर ठेवून. तो कपातला शेवटचा घोट संपायच्या आत हॉर्न देतो. धुळ्याला सर पाटीवरच्या अक्षरांकडे डोळे बारीक करून उभे होते. पुढे तापीच्या पुलावरून शिरपूर. तिथे शेवभाजी खाल्ली. तिखट झेपत नसेल तर आधी सांगा, फक्त कमी तिखट म्हणजे काय याबद्दल खान्देशचं स्वतःचं मत आहे. शिरपूरहून जीप मिळाली, ती माणसं, कोंबड्या आणि सरकीची पोती भरल्याशिवाय हलेना. आता रस्ता बराच चांगला झालाय म्हणतात. तरी शिरपूरला मुक्काम करा आणि सकाळी लवकर निघा, म्हणजे डोंगर उन्हाआधी बघायला मिळतो.

ज्या घरामागे तो बांध होता तिथल्या अक्का साठीच्या, एकट्या राहणाऱ्या, हाताने सतत काहीतरी करणाऱ्या. सरांनी गावच्या पोस्टमनमार्फत पत्र टाकलं होतं की आम्ही तुमचा बांध बघायला येतोय. पोस्टमनने ते वाचून दाखवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा अक्का दारात हसत उभ्या होत्या, कोपरापर्यंत शेण लागलेलं.

"या भाऊ, या. तुमी बांध देखाले येतस म्हनीसन बठ्ठा बांध सारी टाका. आते कसा साफ शे, दखा."

घरामागचा पंधरा-वीस पावलांचा बांध ओल्या शेणामातीने गुळगुळीत सारवलेला. पाहुणे जे बघायला येणार ते स्वच्छ नको का?

"अक्का, हे काय करून बसलात!" मी ओरडलेच. "आता काही मिळायचं नाही."

अक्कांचं हसू मावळलं. सर पटकन म्हणाले, "अक्का, फार सुंदर सारवलंय. हात चांगला आहे तुमचा." मग माझ्याकडे न बघता ते ओट्यावर टेकले. पाण्याचा तांब्या हातात देताना अक्का मला हळूच म्हणाल्या, "काय व्हयनं माय? तिले दार शे ना. ती उघडी लेई." मी त्यांची समजूत म्हणून ते सोडून दिलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत आणि कच्च्या कांद्याची पात असं जेवण पुढे आलं. ते इतकं चांगलं होतं की माझी मलाच आणखी लाज वाटली.

सकाळी सरांनी हाक मारली. ते बांधासमोर चक्क गुडघ्यांवर बसले होते. रात्रीतून सुकलेल्या त्या सारवणावर गोल चिरा उमटल्या होत्या, काही बाटलीच्या बुचाएवढ्या, काही रुपयाएवढ्या. आतून ढकलून प्रत्येकीने आपलं दार पुन्हा मोकळं केलं होतं. पावसाळ्यात शोधून न सापडलेली दारं आता लांबूनही मोजता येत होती. अकरा.

"दर दिवाळीले सारस मी," अक्का म्हणाल्या, "दुसरा दिन त्या उघडतस."

"तुम्हाला माहीत होतं दारं कुठे आहेत ते?" मी विचारलं.

"मन्हाच बांध शे ना. तुमी इचारंच नही."

सरांना एकच मादी हवी होती. ते कोपऱ्यातल्या मोठ्या दाराकडे वळले, तर अक्कांनी त्यांचा हात धरला. "ती नको भाऊ. तिनी पिलं शेतस आत, मी देखेल शेत." सरांनी मान डोलावली आणि अक्कांनी दाखवलेलं मधलं दार उघडलं. काळीभोर, पूर्ण वाढलेली मादी. निघताना मी अक्कांच्या पाया पडले आणि म्हटलं, कालचं मनात ठेवू नका. त्यांनी माझ्या डब्यातल्या चकल्या संपवून त्यात भरताची वांगी भरली होती.

जळगावला परत आल्यावर आठ दिवस सूक्ष्मदर्शकाखाली काम चाललं. डोळ्यांची मांडणी, जबड्यावरचे दात, पोटातले शुक्रकोश. सर बघायचे, मी चित्रं काढायचे. पूर्वी नोंदलेल्या जातींशी ताडून झाल्यावर सर खुर्चीत मागे टेकले. "नवीनच आहे," एवढंच म्हणाले. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले, आणि मला रडू आलं.

बाटलीत घालायच्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि नमुना कुणी मिळवला त्याचं नाव लागतं. मी सरांचं नाव लिहायला घेतलं. ते म्हणाले, "थांब. अक्कांचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. त्यांनाही नाही. एका आठपायी प्राण्याचं नाव ठरवण्यासाठी आम्ही वर्षभर जीव टाकला, आणि जिच्या घरी दोन वेळा जेवलो तिला नुसतं अक्का म्हणून निघून आलो. सरांनी पोस्टमनला जोडकार्ड टाकलं, उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं. उत्तर येईपर्यंत नमुना बिनचिठ्ठीचा आणि निबंध टेबलावर. पंधरा दिवसांनी पोस्टमनच्या अक्षरात कार्ड आलं. वेणूबाई.

मी काळ्या शाईने, बारीक अक्षरात वेणूबाईंचं नाव आधी लिहिलं, त्याखाली सरांचं. सर म्हणाले, "तुझंही लिही." मी म्हटलं, चिठ्ठी लहान आहे, जागा नाही.

जागा होती.