आत्याबाईची मशीन

आमच्या आत्याबाईला तिच्या मशीनला कुणी हात लावलेला खपत नसे, आणि मला आत्याबाई खपत नसे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी आता तिचे गोडवे गाणार अशी तुमची समजूत व्हायची.

तेल्हाऱ्याला दिलेली, तिथेच विधवा झाली आणि शिलाई मशीन बैलगाडीत घालून अकोल्याला आमच्या घरी, म्हणजे भावाकडे, राहायला आली. घरात तिचं म्हणावं असं तेवढंच. गल्लीत कुणाच्याही मशीनचा धागा अडला की बोलावणं तिलाच येई. ती जायची, पण आधी त्या बाईची यथेच्छ खरडपट्टी काढायची.

बॉबिन भरण्यावरून तिने माझा जीव नकोसा केला होता. दोरा जरा आडवातिडवा बसला की सगळा उलगडायला लावी. "काहून घाई करून राहिली? ढिला भरशील त मंग खाली गुंता होते," असं म्हणत टेपचा फटका बोटांवर. बरं, कौतुक म्हणून कधी नाहीच.

खंडेनवमीला विळी, अडकित्ता, दादांची म्हणजे वडिलांची दौत यांच्याबरोबर मशीनचीही पूजा होई. ती आई करी. विधवेने हळदकुंकवाला हात लावायचा नाही, म्हणून आत्याबाई तेवढा वेळ स्वयंपाकघरात बसून राही. ताईचं लग्न ठरलं त्या वर्षी मात्र ती बाहेर येऊन म्हणाली, "वयनी, मशीन माही हाये. यंदा पूजा मी करीन."

"वन्सं, लग्नघर आहे. भलतं काही नको," आई म्हणाली, आणि तिने जरा जास्तच भक्तिभावाने हळद, कुंकू, अक्षता मशीनवर वाहिल्या.

दुसऱ्या दिवशी ताईचं पोलकं शिवायला घेतलं तर धागा पुढे सरकेना. कापडाखाली नुसता गुंता. आईने सुई बदलली, दादांनी स्क्रू पिळले, वर गोडेतेल ओतलं. आत्याबाई भाजी निवडत बघत होती.

"पूजा तुमी केली न? मंग चालवा तुमीच."

दादा ओरडले, आई रडली, मी तिला तोंडावर दुष्ट म्हटलं. ती ढिम्म. शेवटी पोलकी बाजारातल्या शिंप्याने शिवली आणि ती ताईला काखेत काचली. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

वर्षभर मशीन बंद राहिली. आत्याबाईने स्वतःची शिवणंही सोडली, पण मशीनला हात लावला नाही. पुढच्या खंडेनवमीला आईने पूजेचं ताट तिच्यासमोर नेऊन ठेवलं.

आत्याबाईने आधी मशीन आडवी केली, बॉबिनच्या घरातून तेलाने काळा पडलेला तांदळाचा दाणा काढला आणि आईच्या तळहातावर ठेवला. "अक्षता चाकाले वाहा वयनी, पोटात नोका टाकू." मग तिने चाकाला कुंकू लावलं, हात जोडले आणि आम्हाला तिथून हाकललं. त्यानंतर मरेपर्यंत ती पूजा तिचीच होती. आमचं दोघींचं शेवटपर्यंत जमलं नाही.

माझे यजमान गेले, त्यानंतरच्या खंडेनवमीला सून ताट घेऊन माझ्या मशीनपाशी अवघडून उभी राहिली. पूजा कुणी करायची, हे विचारायचं कसं तेच तिला कळेना. मी तिच्या हातातून ताट घेतलं आणि पाटावर बसले. मला भांडावं लागलं नाही. माझ्या वाटचं आत्याबाई केव्हाच भांडून गेली होती.