योतम जेरेचा उजवा डोळा

एस्नात अंगण झाडत होती. हिवाळ्यातली सकाळ, लुआंग्वा नदीवरचं धुकं अजून मक्याच्या वाळक्या धाटांत अडकलेलं. चुलीवर पेज खदखदत होती आणि तिचा नवरा योतम उंबऱ्याशी बसून त्या पेजेत कुटून घालायचे शेंगदाणे निवडत होता. निवडत कसला, चाचपत होता. खवट दाणा डोळ्यांना दिसतो, बोटांना कळत नाही. महिनाभर रोज पेजेला मधूनच कडवट चव यायची. एरवी योतम कॅम्पवर खायचा, एस्नात ती मुकाट्याने गिळायची.

अंगणाच्या पत्र्याच्या दारावर काठी वाजली.

“उंदीरखाऊ मंडळी उठली का?”

“उठली. माकड मिळालं नाही वाटतं आज, म्हणून पेजेच्या वासावर आलास?” एस्नातने आतूनच विचारलं.

कासोंदे हसत आत आला. तो बेम्बा, हे दोघं न्गोनी. पणजोबांच्या काळात या दोन जमातींनी एकमेकांची डोकी फोडली होती, आणि तेव्हापासून एकमेकांना वाट्टेल ते बोलायचा हक्क दोन्हींकडे आला. शवपेटीशेजारी बसूनही टोमणे चालतात. रागवायचं मात्र नाही.

जनावरं बघायला आलेल्या पाहुण्यांना जंगलात पायी नेतात तेव्हा बंदूक घेऊन कासोंदे पुढे असतो, त्याच्या पाठोपाठ माग काढणारा योतम, आणि मग पाहुण्यांची रांग. योतम या पाहुण्यांच्या कॅम्पवर लागला तो भांडी घासायला. पाहुणे उठायच्या आत तंबूंभोवती एक फेरी मारून रात्री कोण येऊन गेलं ते तो स्वयंपाक्याला सांगायचा. सिंहीण होती, लंगडत होती, पोट भरलेलं होतं. स्वयंपाक्याने एकदा कॅम्पच्या साहेबाच्या कानावर घातलं आणि भांडी सुटली. त्याला एकोणतीस वर्षं झाली. त्याच्या रांगेतल्या माणसाला कधी ओरखडा उठला नव्हता. तो जास्त बोलायचा नाही, पण याचा त्याला अभिमान होता, हे एस्नातला त्याच्या चालण्यावरूनही कळायचं.

“हन्नेके आलीय,” कासोंदे म्हणाला. “दोन्ही पोरं घेऊन. उद्या पायी जायचंय तिला, आणि माग काढायला बा योतमच हवा म्हणते.”

योतमचा चेहरा उजळला. हन्नेके बारा वर्षांची असताना परदेशातून वडिलांबरोबर सुट्टीला इथे आली होती. नंतर दर दोन-तीन वर्षांनी यायची, सगळ्यांसारखीच त्याला मानाने ‘बा’ म्हणायची. वडील गेल्या वर्षी वारले. आता तीच वाट तिला मुलांना दाखवायची होती.

“तिला म्हणावं, पहाटे तयार राहा,” योतम म्हणाला.

कासोंदे बसला. काठी मांडीवर आडवी ठेवली आणि एस्नातला तिच्या लेकराच्या नावाने हाक मारली.

“लुसुंगूच्या आई, तुझ्या उंदीरखाऊने गेल्या आठवड्यात काय केलं ते सांगितलं का तुला?”

“नाही.”

“रानरेड्याचा माग लागला. जनावर दव पडायच्या आधी गेलं असेल तर मागात बारीक टिपके असतात, सुईने टोचल्यासारखे. नंतर गेलं असेल तर माग कोरा. हा वाकला, म्हणाला, टिपके आहेत, कालचा आहे, चला. टिपके कुठले! झुडपाआड म्हातारा रेडा, वीस पावलांवर. चौघा पाहुण्यांना मी वारुळामागे ढकललं. त्यांना वाटलं, केवढी मजा आली.” मग तो योतमकडे वळला. “उंदराचं बीळ हुडकायलासुद्धा दोन डोळे लागतात, बा योतम. आणि या वेळी पोरं आहेत.”

रिवाजाप्रमाणे हसायला हवं होतं. योतम हसला. जरा जास्तच वेळ हसला.

एस्नातला डोळ्याचं ठाऊक होतं. चिपाटा शहरातल्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजवा गेला, तो परत येणार नाही. डावाही त्याच वाटेवर आहे. रेड्याचं मात्र तिला आत्ता कळत होतं.

“तू साहेबाला का नाही सांगितलंस?” तिने कासोंदेला विचारलं.

“ती चहाडी झाली असती. तोंडावर बोललो, ही थट्टा झाली.”

“एकदाच,” योतम म्हणाला. “या पोरांना एकदा नेतो. मग सोडतो.”

“हन्नेकेच्या बापाने बारा वर्षांच्या पोरीचा हात तुमच्या हातात दिला,” एस्नात म्हणाली, “तेव्हा तुमचे दोन्ही डोळे धड होते.”

तिने तिघांना पेज वाढली. दुसऱ्याच घासाला त्याचं तोंड वाकडं झालं.

“खवट दाणा आलाय.”

“रोजच येतो.”

“कधीपासून?”

“महिना झाला.”

त्याने वाडगं खाली ठेवलं. दाणे महिनाभर तोच निवडत होता. मग कॅम्पची खाकी टोपी खुंटीवरून काढली, डोक्यावर घातली नाही, हातातच धरली. “तूही चल,” तो तिला म्हणाला.

कॅम्पवर हन्नेके धावत येऊन त्याच्या गळ्यात पडली. पोरं मागे उभी होती. मुलगी चौदाची, मुलगा बाराचा. योतम मुलाच्या खांद्यावर हात ठेवायला गेला, तो थोडा बाजूला पडला. मुलानेच सरकून खांदा हाताखाली दिला.

“बाई, मी उद्या येणार नाही,” योतम म्हणाला. “मला माग दिसत नाही. गेल्या आठवड्यात चुकलो. कोणी मेलं नाही, ती कासोंदेची पुण्याई. तरुण मंडळींत फिरी म्हणून एक आहे, चांगला आहे. त्याला घे.”

हन्नेके रडायला लागली. तिच्या देशातल्या डॉक्टरांचं नाव काढलं.

“डॉक्टरांचं झालं सगळं.”

“मग मी काय करू तुमच्यासाठी? काहीतरी सांगा.”

योतमने टोपी तिथल्या टेबलावर ठेवली.

“आज दुपारी तुमची गाडी जनावरं बघायला निघेल, तेव्हा मागच्या बाकावर दोघांची जागा ठेव. मी आणि एस्नात. डावा डोळा आहे तोवर मला हिच्याशेजारी बसून हत्ती बघायचेत.”