मधुभाऊंच्या पहाटेतला निळा

मधुभाऊ गेल्याचा फोन वहिनींनीच केला. मी नेरच्या बसस्टँडवर यवतमाळच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. "तुमचे मधुभाऊ गेले, विनूभाऊ. सकाळी चहा घेतला अन् गेले," एवढंच त्या बोलल्या. मी "येतो" म्हणालो आणि तिथल्याच बाकावर बसलो. रडू आलं नाही. हल्ली ते येतच नाही. पण त्यांची एक गोष्ट राहून गेली आणि ती माझ्यामुळे राहिली, हे तिथेच छातीत रुतलं... महिना झाला, अजून निघत नाही, म्हणून लिहितो आहे.

मधुभाऊ शाळेत चित्रकलेचे मास्तर आणि आमच्या हौशी नाट्यमंडळाची प्रकाशयोजना त्यांची. नाटक मी बसवायचो, उजेड ते पाहायचे. माणूस तापट आणि रंगाच्या बाबतीत तर भलताच सोवळा. माझा नवा सदरा पाहून "हा पिवळा हाये का कावीळ?" असं चारचौघांत विचारायचे. रंगमंचावर पहाट करावी ती मात्र त्यांनीच. "पहाट झाली हे लोकायले कळावं, कवा झाली ते कळू नये," असं म्हणत. हॅलोजनच्या दिव्यांवर रंगीत जिलेटिनचे कागद लावून उजेड कमीजास्त करणारा डिमर इतक्या हलक्या हातानं सरकवायचे, की मी दिग्दर्शक असूनही दरवेळी फसायचो.

मग एलईडी आले. एकाच दिव्यात लाल, हिरवा, निळा. बोर्डावरच्या पट्ट्या सरकवा आणि हवा तो रंग घ्या. भाऊ आधी हरखले, आठवडाभरात वैतागले. हा दिवा शून्यातून उठताना टचकन उडी मारतो, आणि निळ्यातून केशरीत जाताना मध्येच भलता गुलाबी होतो. त्यावर त्यांनी तोड काढली. एक जुना हॅलोजन अगदी मंद जळता ठेवायचा, म्हणजे त्याच्या आड एलईडीची उडी लपते. दिव्यांचे दोन गट करायचे. एकाचा रंग बदलत असताना दुसऱ्यानं जागचं हलायचं नाही. सगळं बरोबर होतं, तरी पहाट निळी पडायची. नट थंडीनं काकडल्यासारखे दिसायचे.

पूर्वी रंग कागदाचा असे. आता तो डोळ्यानं मिसळायचा होता आणि मधुभाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांना निळा कमीच दिसे, म्हणून ते तो वाढवत. हे कारण आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, पण निळा जास्त होतोय हे मंडळात प्रत्येकाला दिसत होतं. चित्रकलेच्या मास्तराला रंग चुकला म्हणून कोणी सांगावं? "दिव्यांचा मालच हलका आहे, भाऊ," असं मीच म्हणायचो. ते मान हलवायचे आणि पुन्हा दिव्यांशी झगडत बसायचे. अशी तीन वर्षं गेली.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही दिवसांनी एका दुपारी ते काळा चष्मा लावून माझ्या घरी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. मागच्या प्रयोगाचं चित्रीकरण मोबाइलवर लावून माझ्यापुढे धरलं.

"एवढा निळा होता? तुले दिसत होतं ना रे, विनू?"

"हो."

"मंग काहून नाही सांगतलं? मी तीन वरसं दिव्यायले शिव्या देऊन राह्यलो."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, भाऊ."

"मंग आता काय बरं वाटून राह्यलं?"

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

ते वर्ष कपाशीवरच्या बोंडअळीचं. मंडळातली निम्मी माणसं शेतीवाली. हिरव्यागार पऱ्हाटीची बोंडं फोडून पाहावीत तर आत अळी. तालमीला कोण येणार? मी नाटक रद्द केलं. पुढच्या वर्षीही कोणाच्या अंगात उत्साह नव्हता, माझ्या तर नव्हताच. भाऊ म्हणाले, "नाटक नको तं नको. एक पहाट तं करू दे मले. दुपारी सभागृह बंद करून. तू एकटा पाहाय, अन् खरं सांग." मी "पाहू" म्हणालो. त्यांनी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा मी "पाहू"च म्हणालो. अडचण काही नव्हती, चावी माझ्याकडेच होती. पण त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या तोंडाकडे पाहायची मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा कंटाळाच मोठा झाला होता. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

तेराव्याला वहिनींनी चित्रकलेच्या वहीचं एक पान माझ्या हातात दिलं. "डोळे झाल्यावर हेच लिवत बसत होते. तुमच्यासाठी म्हनत." पेन्सिलीनं आखलेले रकाने, प्रत्येक पट्टी कुठवर न्यायची आणि किती सेकंदांत. निळ्याचे जुने आकडे खोडून जवळपास निम्मे केलेले.

परवा दुपारी मी सभागृहाची दारं-खिडक्या लावून बसलो. पहिल्यांदा हात चुकला. दुसऱ्यांदा पानाबरहुकूम सावकाश पट्ट्या सरकवत गेलो, निळा नेमका कधी जातो ते पकडायचंच म्हणून डोळे ताणून. मागचा पडदा उजळला, त्यावर कोवळं ऊन आलं, आणि निळा कधी गेला ते मला सांगता आलं नाही.

"भाऊ, आता बरोबर आहे," मी मोठ्यानं म्हणालो. म्हणायला एक क्षण लागला. चुकतंय हे सांगायलाही तेवढाच लागला असता.