आनंदाबाईंचं निरंक

अल्लीपूरच्या पुढे, नाल्यापलीकडे आमचं गाव. एकोणऐंशी साली मी तिथं शाळेत रुजू झाले आणि वरून प्रौढ शिक्षणाचा वर्गही माझ्याच गळ्यात पडला. बारा बाया यायच्या, त्यातल्या नऊ गप्पा मारायला. खरोखर शिकल्या त्या आनंदाबाई. वय पन्नाशीचं, निंदण करून बोटं राठ झालेली, पण अक्षर असं ठसठशीत की माझ्या चौथीच्या पोरांना लाज वाटावी. सही जमली त्या आठवड्यात त्यांनी दारावर, कोठीवर, पिठाच्या डब्यावर, दिसेल तिथं सही ठोकली.

"बाई, आता कोनी मले अंगठेवाली म्हनून पाहावं!" असं वर दमही दिला.

गावात आरोग्य उपकेंद्र होतं, म्हणजे एक खोली आणि तिचं कुलूप. नर्सबाईंनी दर बुधवारी यावं असा नियम, पण त्या उगवायच्या महिन्यातून एकदा, तेही रिकाम्या हातानं. पुढे वरून फर्मान आलं: गावकऱ्यांची देखरेख समिती नेमा, तिच्यात लिहिता-वाचता येणारी एक बाई घ्या, शेऱ्याची वही तिच्याकडे द्या. सरपंच सदाशिवरावांनी आनंदाबाईंचं नाव दिलं. मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

वहीत तीन रकाने होते. तारीख, तक्रार, सही. मधल्या रकान्यात काय लिहायचं हे आनंदाबाईंनी मला विचारलं नाही, नर्सबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "निरंक लिहीत जा. सगळ्या कचेऱ्यांत तेच लिहितात." आनंदाबाईंना शब्द फार आवडला. दर बुधवारी त्या उपकेंद्रासमोर जाऊन बसत, दुपारपर्यंत वाट पाहत, कुलूप नीट निरखत आणि मग वहीत लिहीत, निरंक. पुढे झोकदार सही. असं दोन वर्षं चाललं.

ब्याऐंशीच्या पावसाळ्यात त्यांची सून नलू सहा महिन्यांची गरोदर होती. तिचं पहिलं बाळ आठव्या दिवशी धनुर्वातानं आखडून गेलं होतं. गरोदरपणी टोचायची सुई तिला मिळालीच नव्हती. या वेळी काही झालं तरी सुई मिळाली पाहिजे, एवढा एकच ध्यास आनंदाबाईंनी घेतला. हिंगणघाटला न्यायला गाडी जुंपली, तर नाल्यात चाक रुतलं आणि नलूला परत आणावं लागलं. शेवटी त्या माझ्याकडे आल्या. अर्जाची भाषा त्यांना तेव्हा जमत नव्हती, म्हणून अर्ज मी लिहिला: नर्स येत नाहीत, त्यांना यायला लावा. सही आनंदाबाईंची.

पंधरा दिवसांनी चौकशीला आरोग्य खात्याचे साहेब आले. पंचायतीत सगळे जमले. साहेबांनी वही मागवली, पानं उलटली आणि हसले.

"दोन वर्षं दर बुधवारी तक्रार निरंक. आणि अर्जात म्हणता नर्स येतच नाहीत. यातलं खोटं कोणतं, बाई?"

आनंदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच सांगितलं, निरंक म्हणजे काही नाही, कसलीच तक्रार नाही.

त्या साहेबांकडे वळल्या. मग म्हणाल्या, "पन साहेब, मले वाटलं निरंक म्हंजे निरखलं. म्या दर बुधवारी जाऊन निरखलं नं जी!"

अख्खी पंचायत खो-खो हसली. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. ती वही शाळेपासून चाळीस पावलांवर होती, मी एकदाही उघडून पाहिली नाही. कमळ शिकवलं, बैल शिकवला, कचेरीत माणूस ज्यात अडकतो तो एक शब्द शिकवला नाही.

साहेबांनी हिशेब सोपा करून सांगितला. "समजून लिहिलं असेल तर अर्ज खोटा, आत्ताच निकाली काढतो. न समजता लिहिलं असेल तर वही रद्द, अर्ज कायम. पण मग तुम्ही निरक्षर, समितीतून नाव कमी." मग माझ्याकडे वळले. "काय शिक्षिकाबाई, यांना लिहिता-वाचता येतं की नाही?"

हो म्हणावं तर नलूची सुई जाते. नाही म्हणावं तर ते धडधडीत खोटं, आणि माझा वर्गही खोटा ठरतो.

आनंदाबाईच बोलल्या. "बाईले काय विचारता? मले काईच येत नाई. सही तेवढी गिरवून राह्यली होती. अंगठा घ्या."

जबाबावर त्यांनी अंगठा उठवला. त्या रडल्या नाहीत. मी घरी जाऊन रडले.

नर्सबाईंना तंबी मिळाली, त्या तीन महिने नेमानं आल्या. नलूला सुया मिळाल्या, दिवाळीच्या सुमारास मुलगी झाली आणि ती जगली. वही सरपंचांच्या मॅट्रिक पुतण्याकडे गेली. त्याला निरंकचा अर्थ पक्का ठाऊक होता. महिन्याचे सगळे बुधवार तो घरबसल्या एका दमात भरायचा. नर्सबाई पुन्हा महिन्यातून एकदा येऊ लागल्या.

पुढच्या उन्हाळ्यात आनंदाबाई शाळेत आल्या. शेजारच्या वच्छलाबाईंची सून पाच महिन्यांची गरोदर होती, तिलाही सुई मिळत नव्हती. त्यांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. या खेपेला अख्खा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला होता. एक काना चुकला नव्हता. खाली सहीची जागा कोरी होती.

"वच्छलाबाईच्या घरचे घाबरतेत. म्या सही केली तं मागचा जबाब खोटा व्हते, नर्सबाई मलेच धरन," त्या म्हणाल्या. "तुमी करता का, बाई?"

मी सरकारी नोकर. गावची मंडळी सरपंचांच्या बाजूची, आणि वही त्यांच्याच पुतण्याकडे. मी कागद पुन्हा एकदा वाचला, आणि बदलीच्या भीतीनं तो तसाच त्यांना परत दिला.