मॉनिटरवरची पट्टी

इस्पितळातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे ठोक्या म्हणत. प्रिंटर अडला की ठोक, माउस रुसला की ठोक, आणि एकदा तर लिफ्टमध्ये धक्का देणाऱ्या कारकुनालाही त्याने ठोकून काढलं होतं. आधी हात, मग डोकं, असा त्याचा खाक्या. फक्त रूटमध्ये शिरला की स्वारी एकदम शांत. रूट म्हणजे आज्ञा लिहायच्या त्या काळ्या पडद्यावर मशीनचा मालकच. मालकाला 'नक्की ना?' असं कुणी विचारत नाही. म्हणून ओळ लिहिली की तो हात मांडीवर घ्यायचा, ओळ मोठ्याने वाचायचा आणि मगच एंटर दाबायचा.

बिघाड शोधताना तो सिस्टिमची भाषा इंग्रजी करून घेई, कारण बिघाडाचे निरोप इंग्रजीत चटकन उमगत. काम झालं की पुन्हा आपली भाषा. ते विसरू नये म्हणून तेवढा वेळ मॉनिटरच्या कोपऱ्यावर जखमेची चिकटपट्टी लावून ठेवी. नर्सबाई हसायच्या, पण पट्ट्या द्यायच्या.

त्या सकाळी त्याने भाषा बदलली तेव्हा खिशात एकच पट्टी होती. तेवढ्यात वॉचमन आला. वॉचमन म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ.

"दाजी, फाटकाच्या पत्र्याने बोट कापलं."

"डोळे काय खिशात घालून फिरतोस?" असं खेकसत ठोक्याने ती पट्टी मेहुण्याच्या बोटाला गुंडाळली. मॉनिटरसाठी दुसरी आणू, असं म्हणाला आणि साफ विसरला. वर डिस्क भरली म्हणून त्याने वापरात नसलेल्या भाषा पुसल्या. त्यात आपलीही गेली.

दुपारी जवळच्या एका गोदामात दोन टोळ्या भिडल्या. सळया, साखळ्या, फुटक्या बाटल्या. कुणाचा कान लोंबतोय, कुणी पोट धरून आलंय, अशी माणसं इस्पितळात येऊ लागली. त्याच गडबडीत वीज गेली आणि आली, मशीन नव्याने सुरू झालं, त्याला आपली भाषा सापडली नाही, आणि हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर जखमींच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटली.

"मेलेल्यांची नावं दडवताहेत!" कुणीतरी ओरडलं. झालं. काचा फुटल्या, खुर्च्या भिरकावल्या गेल्या, एका नर्सच्या कपाळातून रक्ताची धार लागली. "कॉम्प्युटरवाल्याला धरा!" म्हणत घोळका आत घुसला.

मेहुणा धावत दारापाशी आला. "दाजी, आतून कडी लावा!" आणि स्वतः दाराला पाठ लावून बाहेर उभा राहिला.

पहिला फटका दारावर बसला. दुसरा दारावर बसला नाही, हे आवाजावरून कळलं. ठोक्याने शटरची सळई उचलली. एकाचं तरी डोकं फोडायचंच, या रागाने त्याचा हात कडीवर गेला.

"बाहेर येऊ नका!" मेहुणा कण्हला. "नावं लावा! नावं दिसली की थांबतील!"

ठोक्याने सळई टाकली. रागाने उठलेला हात आयुष्यात पहिल्यांदा त्याने आवरला, आणि तोही नेमका आज.

तो रूटमध्ये शिरला. पुसलेली भाषा पुन्हा तयार करायची ओळ लिहिली. हात मांडीवर. वाचली. एंटर. मशीन आपल्याच चालीने रेंगाळू लागलं. बाहेर लाथा पडत होत्या. ठोक्या रडत होता, शिव्या घालत होता, पण कळांवरची बोटं घाई करत नव्हती. घाईत एक अक्षर चुकलं तर सगळं पहिल्यापासून. मग भाषा बसवायची ओळ. वाचली. एंटर. मग पडद्याचा प्रोग्रॅम पुन्हा सुरू. एंटर.

हॉलमधून किंकाळी आली. "आहे! माझा पोरगा जिवंत आहे!" घोळका तिकडे पळाला.

ठोक्याने दार उघडलं. उंबऱ्यावर रक्त आणि मोडकी काठी. मेहुण्याला स्ट्रेचरवर घालून नेत होते. चादरीखालून हात लोंबत होता, बोटाला पट्टी तशीच. तो मागे धावला, पण शस्त्रक्रियेच्या खोलीत त्याला कुणी घेईना.

हॉलमध्ये रक्ताळलेल्या हातांच्या एका बापाने त्याला मिठी मारली. "तुम्हीच लावलीत ना नावं? उपकार झाले हो!" त्या हातांवर कुणाचं रक्त आहे हे ठोक्याला ठाऊक होतं. त्याचा हात उठला नाही.

बातमी ऐकून बायको अनवाणीच धावत आली. "माझा भाऊ कुठाय?"

त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. सगळ्यात खाली नव्याने आलेलं नाव होतं, आणि त्यापुढे एकच शब्द, 'मृत'. ऋकारासकट, लांबूनही वाचता येईल इतका स्वच्छ.